पॅनलमधलं पाणी नेमकं आलं कुठनं

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या दापोली-हर्णै पट्ट्यात वायरमनला जेवायला वेळ नसतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि 1 ऑगस्टला दर्या उघडला की सगळ्यांना एकदमच बर्फ हवा, त्यामुळे बर्फाचे कारखाने आधीच चालू करून लाद्या साठवायला लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यातनं सकाळी सातला शेठचा फोन, "वरचा फॅन परत ट्रिप मारतोय, कॉन्टॅक्टर गेला, तिसरा, तू आत्ताच्या आत्ता ये."

वरचा फॅन म्हणजे गच्चीवरच्या कंडेन्सरचा, 5 एचपीची मोटर, आणि कॉन्टॅक्टर म्हणजे पॅनलमधला ती मोटर चालू-बंद करणारा स्विच. दिसायला किरकोळ, पण तो थांबला की बर्फ गोठवणारा अमोनिया थंड होत नाही, प्रेशर चढतं, कंप्रेसर बंद करावा लागतो, मग बसा बर्फाचे रिकामे डबे बघत.

पॅनल उघडलं तर आत पाणी. धो धो नाही, पण कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर थेंब, टर्मिनलच्या स्क्रूंवर निळसर-हिरवी खार चढलेली आणि तळाला चहाचा कप भरेल एवढं साठलेलं. बाहेरनं पॅनल ठणठणीत कोरडं! शेठ म्हणाले पत्रा गळतोय, मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगतो अर्धा दिवस मी भर पावसात पत्र्यावर बसून खिळ्यांच्या डोक्यांना एम-सील लावत होतो. पॅनलवर प्लास्टिकचा कागद टाकला, मोटर चालू केली, आणि दुपारी जेवायच्या आधी दार उघडून बघतो तर थेंब हजर.

शिफ्टवरचे मामा बाजूला खुर्ची टाकून बघत होते. "मेल्या, वरनं गळतंय तर कागद कोरडा कसा रे?"

बरोबर होतं त्यांचं, पण उत्तर काही सुचेना. मग डबा सोडला, आणि डबा बांधून आणलेल्या फडक्यानंच कॉन्टॅक्टरवरचं पाणी टिपलं (हातात तेच होतं). त्या फडक्यावर आमटीचा पिवळा डाग होता, आणि पाणी लागलं तिथं तो डाग लालभडक झाला. हळदीत चुना घातला की कुंकू होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, अमोनिया पण चुन्यासारखाच अल्कली. म्हणजे हे नुसतं पावसाचं पाणी नव्हतं, यात अमोनिया होता. वासावरनं कळलं नसतं, कारण त्या कारखान्यात सगळ्यालाच तो वास, आणि मामांना तर तीस वर्षांत वास यायचाच बंद झालाय.

मग केबल दोन्ही टोकांना सोडली आणि मेगर लावला, म्हणजे तारेतनं करंट बाहेर झिरपतोय का ते मोजायचं यंत्र. मोटर चांगली. केबल आर्मरशी 0.2 मेगाओम, किमान 1 तरी हवा. म्हणजे पाणी केबलच्या पोटातनं येत होतं! गच्चीवरनं पॅनलपर्यंत 22-23 मीटर केबल, वरनं खाली उतरून पॅनलच्या डोक्यातनं आत शिरलेली. आर्मर म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या आवरणाच्या मधे गुंडाळलेल्या लोखंडी तारा, त्या तारांमधल्या फटीतनं पाणी पन्हळीतनं जावं तसं उतरत होतं आणि खालच्या ग्लँडमधनं (केबल डब्यात शिरते तिथं तिला आवळून धरणारा नट-बूच) थेट कॉन्टॅक्टरवर. केबल बाहेरनं नवीकोरी.

गच्चीवर गेलो. मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर पितळी डबल कंप्रेशन ग्लँड. या ग्लँडमधे दोन ठिकाणी आवळलं जातं, आत आर्मर पकडतो आणि बाहेरच्या आवरणावर रबराची रिंग दाबली जाते, पाणी अडवायचं काम त्या बाहेरच्या रिंगचं. बॅटरी मारली, काही दिसेना. नखानं नट खरवडला तर नखाला केसाएवढी रेघ लागली. पाना लावला आणि नट दोन तुकडे होऊन हातात आला. गंज नाही, झीज नाही, काच तडकावी तसा तुटलेला!

आणि हा ग्लँड दोन वर्षांपूर्वी मीच बसवला होता. पाणी जाऊ नये म्हणून पाइप पान्यानं जीव खाऊन आवळला होता, ते पण आठवलं.

पितळेचं हे दुखणं जुनं आहे, मी नंतर वाचलं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे आणि ती आपोआप चिरायची, म्हणून त्याचं नावच पडलं सीझन क्रॅकिंग. 1921 मधे उलगडा झाला, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. आमच्या गच्चीवर तिन्ही होतं. कंडेन्सरवर मारतात त्या पाण्याचे तुषार दिवसरात्र, ताण माझ्या पान्याचा, आणि अमोनिया? मामा सिस्टीममधली हवा काढायला नळी पाण्याच्या बादलीत सोडून पर्ज करतात, हवा निघून जाते, अमोनिया पाण्यात विरघळतो, आणि ती बादली नेमकी मोटरशेजारी ओततात. ग्लँडवर निकेलचा मुलामा असतो, पण पान्याच्या दातांनी तो मीच सोलला होता. त्यात मोटर चालताना बॉक्स तापतो, थांबली की थंड होतो आणि आतली हवा आकसून बाहेरचं पाणी फटीतनं ओढून घेतो, त्यामुळे केसाएवढी रेघही पुरते.

शेठना सगळं सांगितलं, माझ्या पान्यासकट. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले मजुरी मागू नको. मागणार नव्हतोच.

केबल अख्खी बदलली, आर्मरमधे शिरलेलं पाणी काही सुकवता येत नाही. ग्लँड स्टेनलेस स्टीलचा, तो दापोलीत मिळेना, चिपळूणहून एसटीच्या पार्सलनं मागवला, आणि किंमत ऐकून शेठनी माझ्याकडे असं बघितलं की बस. नायलॉनचा स्वस्तात झाला असता आणि अमोनियाला टिकलाही असता, पण त्यातनं आर्मरला अर्थिंग मिळत नाही, वेगळी पट्टी लावावी लागते, घाईत कोणीतरी ती विसरणार आणि तो कोणीतरी बहुतेक मीच. टर्मिनल बॉक्स फिरवून तोंड खाली केलं, केबलला आधी खाली झोल दिला म्हणजे पाणी पागोळीसारखं तिथनंच गळून जाईल. केबल सोलली तिथं आतनं गोंद असलेली हीट श्रिंक टोपी चढवली. हे हीट श्रिंक मला अजून जादूच वाटते. प्लास्टिकवर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याला आकार लक्षात ठेवायला लावायचा, मग गरम करून फुगवायचं आणि फुगलेलंच थंड करायचं, परत ऊब लागली की ते मूळ मापाला येतं. रेकेम नावाच्या अमेरिकन कंपनीनं हा धंदा उभा केला, 1957 ला सुरू झालेली. मी आपला हेअर ड्रायरच्या मोठ्या भावानं फुंकर मारतो आणि ती टोपी केबलला कातडीसारखी चिकटते.

पॅनलमधे पण केबल आता खालनं घेतली आणि कंट्रोलचे स्क्रूवाले टर्मिनल काढून स्प्रिंगवाले टाकले, कारण कंप्रेसरच्या थरथरीनं स्क्रू ढिले होतात, स्प्रिंग होत नाही. ग्लँड साध्या पान्यानं, रिंग बसेल एवढाच आवळला. हात शिवशिवत होते अजून एक पीळ द्यायला, नाही दिला.

31 तारखेला रात्री साडेअकराला मामांचा फोन. पोटात गोळाच आला.

"पर्ज केलंय रे," मामा म्हणाले, "बादली भरलीय. आता ओतू कुठं ही?"