बॅराबूचं निंदण आणि परसवाड्याचे सारस

मृग लागून चार दिवस झाले होते, पण पाण्याचा पत्ता नव्हता. पहाटे साडेतीनला भाच्यानं फाटकासमोर गाडी उभी केली आणि आम्ही आमगावहून निघालो. गोंदिया तालुक्यातल्या परसवाडा-झिलमिली भागातल्या एका बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, आम्हाला उजाडायच्या आत पोचायचं होतं. जूनमध्ये इथे सारसगणना होते. वनविभाग, ‘सेवा’ संस्थेची मंडळी आणि गावोगावचे शेतकरी मिळून एकेका तळ्यावर बसतात. तळी आटलेली असतात, त्यामुळे सारस उरल्यासुरल्या पाण्याभोवती सापडतात.

बरोबर दोन महिन्यांपूर्वी अशाच अंधारात मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका पाणथळीच्या काठावर उभी होते. मुलगी मॅडिसनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा घरात बसून करायचं काय, म्हणून तिनं माझं नाव तिथल्या गणनेत घातलं. एप्रिलमधली एक पहाट, साडेपाच ते साडेसात. हजारावर माणसं आपापल्या ठरलेल्या जागी उभी राहून सँडहिल क्रेन, म्हणजे सारसाच्याच कुळातला एक पक्षी, मोजतात, तेही 1976 पासून. हातमोज्यांतून पेन्सिल धरवत नव्हती. शेजारी एक म्हातारे दुग्धव्यावसायिक शेतकरी होते. ते पक्षी दिसायची वाट बघत नव्हते, नुसतं ऐकत होते. नर-मादीनं जोडीनं हाक दिली की तक्त्यात वेगळी खूण करायची, हे त्यांनीच मला शिकवलं. जोडीची हाक म्हणजे तिथे घरटं होण्याची शक्यता.

1930च्या दशकात त्या राज्यात या पक्ष्याच्या जेमतेम पंचवीस जोड्या उरल्या होत्या. आज मक्याच्या शेतांत थवेच्या थवे उतरतात. मग पेरलेलं बी उकरून खातात, आणि शेतकरी वैतागतो. त्यावर तिथे तोडगा निघाला तो बियाण्याला चढवायच्या एका थराचा. चव आवडत नाही म्हणून क्रेन ते दाणे सोडतो आणि त्याच शेतातले किडे वेचत राहतो. पक्षी शेतातच राहतो आणि पीकही वाचतं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा आपल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आठवली.

मे महिना मी विस्कॉन्सिनमधल्याच बॅराबूला स्वयंसेवक म्हणून काढला. क्रेन पक्ष्यांच्या रक्षणासाठी काम करणारी इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन ही संस्था तिथे आहे. जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी या दोन तरुणांनी 1973 साली सॉवी कुटुंबाच्या घोड्यांच्या फार्मवर ती सुरू केली. जगातल्या क्रौंच कुळातल्या पंधराच्या पंधरा जाती एका ठिकाणी पाहायला मिळतात. माझं काम मात्र निंदणाचं! गार्लिक मस्टर्ड नावाचं एक तण आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी ते भाजीसाठी आणलं आणि आता ते रानात माजलंय. पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो. ते मुळासकट उपटायचं आणि पोत्यात भरायचं. तिथल्या मुली गुडघ्यावर बसून उपटत. मी आपली उकिडवी बसले आणि ओळ धरली, आई धानात धरायची तशी. दुपारपर्यंत हातांना लसणाचाच वास.

हूपिंग क्रेनच्या पिल्लांना वाढवणारी माणसं अंगभर पांढरा झगा घालतात, हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली धरतात आणि तोंडातून शब्द काढत नाहीत. पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून ही सगळी धडपड. 1941 साली रानात या जातीचे अवघे एकवीस पक्षी उरले होते. तिथून आजच्या काही शेकड्यांपर्यंत यायला किती माणसांची उभी आयुष्यं गेली असतील!

आणि तिथेच, जाळीपलीकडे, सारस. गळ्यावरचा तो लालभडक पट्टा, माझ्या खांद्याइतकी उंची. पाटीवर ‘भारत’ लिहिलेलं होतं. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, एसटीच्या खिडकीतून कितीदा सारस पाहिला असेन, पण थांबून एकदाही पाहिला नव्हता. त्या जाळीपुढे मला फार रडू आलं.

बोडीवर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती फट पडली होती. ज्यांच्या बांध्या बोडीच्या पाळीला लागून होत्या ते काका आधीच येऊन बसले होते. सारसमित्र म्हणून वर्षानुवर्षं ते लक्ष ठेवतात.

“बसा जी मॅडम, आवाज नोका करू. तिकडे उभेच आहेत.”

मला काहीच दिसेना. मग धुक्यातून आधी दोन राखाडी खांब, मग त्यांच्यावर लाल डोकी. दोघं एकमेकांपासून पाच-सहा पावलांवर चिखलात चोच घालत होते. पाच-पंचवीसला मादीनं मान सरळ वर केली, नरानं पंख थोडे उचलले आणि हाक सुरू झाली. नराची एक लांब, त्यात मादीच्या दोन आखूड. माझ्या बरगड्यांत ती वाजली. मी तक्त्यात जोडीची खूण केली. त्या दुग्धव्यावसायिकांनी शिकवली तशीच.

“रोवणी झाली का मंग हे याच बांधीत घरटं करतेत,” काका म्हणाले. रोवणी म्हणजे धानाची लावणी. “एका खोलीएवढी जागा जाते पाहा. पयले लोकं अंडी फोडून टाकत. आता आमच्या गावात कोणी हात लावत नाही.”

“नुकसान होतं ना काका?”

“होते ना जी. दोन पायल्या धान कमी होईल. पण ते आमच्या भरवशावर अंडी देतेत.”

घरट्यात बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवण, आणि जगलं तर एखादं पिल्लू. गोंदिया जिल्ह्यात सगळे मिळून पन्नासही सारस नाहीत, त्यामुळे एकेका बांधीचा हिशेब लागतो. शेतात फवारलेलं विषारी औषध आहेच, पण काकांनी बोट दाखवलं ते वर, बांधीवरून आडव्या गेलेल्या तारांकडे. दोन वर्षांपूर्वी धुक्यात एक सारस तिथे आदळून पडला. दुसरा आठ दिवस त्याच धुऱ्यावर उभा राहिला, असं ते सांगत होते. सांगताना त्यांनी दुपट्टा तोंडाला लावला.

अमेरिकेतही हूपिंग क्रेनच्या मरणाचं तारा हे मोठं कारण आहे. तिथे क्रेनच्या वाटेवरच्या तारांवर पक्ष्याला लांबून दिसतील अशा चकत्या लावतात आणि आदळणं कमी होतं. आपल्याकडेही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तारांचा विषय तिथेही निघाला. आमच्या बोडीवरच्या तारांवर मात्र अजून काहीच टांगलेलं नाही. चकती काही चंद्रावरून आणायची नाही. या तारांबद्दल मी लेखी अर्ज दिलाय, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला देणार आहे.

साडेआठला गणना संपली. तक्त्यात दोन मोठे, पिल्लू शून्य. काकांनी पिशवीतून आंबाडीची भाजी आणि भाकर काढली. ती खाता खाता त्यांनी विचारलं, तिकडे मोजायला कोण येतात?

मी म्हटलं, “तुमच्यासारखेच, काका. माझ्याशेजारचे गाई पाळत होते.”

“त्यायच्या शेतात घरटं हाये का?”

“विचारायचं राहून गेलं.”

“मंग पत्र लिहून विचारा. अन् आमच्या बांधीत अंडी दिसली का मी तुमाले फोन करतो, थे बी त्यायले कळवा.”

मुलीकडून त्या दुग्धव्यावसायिकांचा पत्ता मागवलाय. रोवणी अजून व्हायची आहे.