अंगावरचा अँटेना: कापडाचा पॅच

टेबलावर 2.45 गिगाहर्ट्झला चोख जुळवलेला अँटेना मनगटावर चढवला की बिघडतो. कारण साधं आहे: या वारंवारतेला स्नायूंची सापेक्ष परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं निर्वाताच्या तुलनेतलं माप) 52 च्या आसपास असते, त्यामुळे अनुनाद, म्हणजे अँटेना ज्या वारंवारतेला सर्वांत चांगला चालतो ती, खाली सरकतो, आणि ऊतींमध्ये ऊर्जा शोषली जाते ती वेगळीच. साधा मोनोपोल (एकाच सरळ तारेचा अँटेना) तर त्वचेला चिकटताच मान टाकतो.

म्हणून कपड्यावर पॅच बरा: वर वाहक तुकडा, मध्ये विद्युतरोधक थर, खाली वाहक कापडाचा ग्राउंड. हा ग्राउंड शरीराच्या बाजूला येतो आणि ढालीचं काम करतो. मधल्या थराला 3 मिमी जाड फेल्ट (दाबून केलेलं नमद्यासारखं कापड) घ्या (परमिटिव्हिटी सुमारे 1.3), वर तांबं-निकेल चढवलेल्या कापडाचा 50 मिमी लांबीचा पॅच. ग्राउंड चहूबाजूंनी निदान 15-20 मिमी जास्त ठेवा. इथे कंजुषी केली की शरीराचा परिणाम कडेवरून आत शिरतो. फीड (केबल पॅचला जोडायची जागा) लांबीच्या एका टोकापासून साधारण 15 मिमी आत, रुंदीच्या मध्यावर. सोल्डरिंग झटपट उरका, पॉलिएस्टर वितळतं.

पॅच आधी किंचित मोठा कापा. व्हीएनएवर (अँटेना तपासायचं मापनयंत्र) एस11 ची, म्हणजे परत फिरणाऱ्या सिग्नलच्या आलेखाची, दरी बघा; ती अनुनाद दाखवते. लांबी अर्धा-अर्धा मिलिमीटर छाटत ती 2.45 गिगाहर्ट्झपर्यंत वर आणा. छाटलेलं परत जोडता येत नाही!

दोन गोष्टी हमखास फसवतात. एक, केबल: तिच्या बाहेरच्या आवरणावरून करंट वाहतो आणि तीच अँटेना बनते. केबल हाताने पकडल्यावर आलेख हलला तर केबलवर फेराइट (असा करंट अडवणारं चुंबकीय कडं) चढवा. दुसरा घाम: फेल्ट तो पितं, पाण्याची परमिटिव्हिटी 78 च्या घरात, दरी पुन्हा खाली. कडा सीलबंद करा आणि ओल्या कापडाखाली एकदा मोजूनच बघा.