सनटेकचे कर्ज आणि भागधारकांचा वाटा

सौर कंपन्यांच्या शेअरविषयी मित्रमंडळींत चर्चा निघाली की मागणी, सरकारी धोरण आणि हातातील ऑर्डर यांवर सगळे भरभरून बोलतात. कंपनीला कोणते कर्ज कोणत्या तारखेला फेडायचे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मी ताळेबंद हाती घेतला की आधी तेच शोधतो, आणि ही सवय मला चीनमधील वुशी येथील सनटेक पॉवर या सौर पॅनेल बनवणाऱ्या कंपनीच्या इतिहासाने लावली.

शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी डिसेंबर २००५ मध्ये १५ डॉलर भावाने न्यूयॉर्क शेअर बाजारात आली आणि दोन वर्षांत तिचा भाव ८० डॉलरच्या पुढे गेला. या तेजीच्या पाठबळावर मार्च २००८ मध्ये तिने ५७.५ कोटी डॉलरचे, अवघ्या ३ टक्के व्याजाचे परिवर्तनीय रोखे विकले. शेअरचा भाव ठरलेल्या पातळीवर गेला तर रोखेधारक शेअर घेतील, रोकड द्यावी लागणार नाही, हे यामागचे गणित होते. भाव खाली राहिला तर १५ मार्च २०१३ रोजी सगळी मुद्दल रोखीने परत करणे भाग होते. स्वस्त व्याजाची खरी किंमत या अटीत होती.

पुढची पाच वर्षे या धंद्याची कसोटी पाहणारी ठरली. सौर पॅनेलचा कच्चा माल असलेल्या पॉलिसिलिकॉनचा भाव २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या आसपास होता, तो २०१२ अखेर २० डॉलरखाली आला. त्यामुळे चढ्या भावाने केलेले दीर्घ मुदतीचे खरेदीकरार गळ्याशी आले आणि माल पुरवणाऱ्या एमईएमसी कंपनीबरोबरच्या अशाच एका करारातून सुटण्यासाठी सनटेकने २०११ मध्ये १२ कोटी डॉलर मोजले. युरोपातील अनुदाने आटली, अमेरिकेने आयातशुल्क लावले, आणि तरीही कारखाने वाढवण्याची स्पर्धा चालूच राहिली, कारण जो थांबेल त्याचा प्रतिनग खर्च इतरांपेक्षा जास्त राहणार. २०१२ पर्यंत कर्ज २ अब्ज डॉलरच्या वर गेले होते. नफ्याच्या जोरावर नव्हे, तर उधारीवर मिळवलेले सौर पॅनेल बनवण्यातील जगातील पहिले स्थान म्हणजे वाढ नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. इटलीतील सौरप्रकल्पांच्या कर्जाला सनटेकने हमी दिली होती आणि त्या बदल्यात तारण म्हणून ५६ कोटी युरोचे जर्मन सरकारी रोखे दाखवण्यात आले होते. ते रोखे बहुधा अस्तित्वातच नव्हते, असे कंपनीनेच जाहीर केले. अशी हमी वार्षिक अहवालात संभाव्य देण्यांच्या टिपेत, बारीक अक्षरांत असते. बहुतेक वाचक तिथवर पोहोचतच नाहीत.

मार्च २०१३ मध्ये मुदत भरली तेव्हा उरलेले ५४.१ कोटी डॉलर देता आले नाहीत आणि काही दिवसांतच वुशीच्या न्यायालयात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. इथे कंपनीची रचना निर्णायक ठरली. रोखे आणि शेअर होते केमन बेटांवरील मूळ कंपनीचे, कारखाने होते वुशीतील उपकंपनीचे, आणि त्या उपकंपनीवर पहिला हक्क होता तिला कर्ज देणाऱ्या चिनी बँकांचा. शुनफेंग या कंपनीने ३ अब्ज युआन देऊन कारखाने घेतले. ते पैसे उपकंपनीच्या धनकोंकडे गेले, न्यूयॉर्कमध्ये शेअर घेतलेल्यांच्या वाट्याला त्यातून काही आले नाही. उत्पादन मात्र चालू राहिले, आणि सनटेक हे नावही टिकले.

आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या इंडोसोलर या सौर सेल बनवणाऱ्या कंपनीची वाट साधारण अशीच होती. २०१० मध्ये तिने शेअरविक्री केली, पुढे कर्जापायी ती दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेली आणि २०२२ मध्ये मुंबईच्या वारी एनर्जीजच्या ताब्यात आली. वारीने ओडिशातील कारखान्यासाठी लागणाऱ्या पैशाचा काही भाग ऑक्टोबर २०२४ च्या शेअरविक्रीतून उभा केला. नव्या शेअरांमुळे जुन्या भागधारकांचा वाटा थोडा पातळ होतो खरा, पण त्या पैशाला परतफेडीची तारीख नसते, आणि दर काही वर्षांनी यंत्रसामग्री जुनी ठरणाऱ्या या धंद्यात मला तो सौदा अधिक परवडणारा वाटतो.