आंबट, तुरट आणि बर्गंडी

नानांनी पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा एक मणी तोडून तोंडात टाकला. गर लगेच गिळला, पण बी दाढेखाली धरून सावकाश चावत राहिले. मग साल जिभेवर घोळवली, थुंकली आणि म्हणाले, “बी भाजल्या दाण्यासारखी लागती आता. हिरवट कडूपणा गेलाय. दोन दिवसांत उतरवायला घ्या म्हणावं.”

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मावशीने खिशातली वही काढून दाखवली. पिनोची तोडणी शुक्रवारी धरलेली होती, आणि तो दिवस बुधवार होता. तिने नानांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आम्ही निफाडचे. नानांची चार एकर थॉमसन आहे, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. मी गेली सात वर्षं फ्रान्समध्ये दिजोंला नोकरी करते. दिजोंहून रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर बोन हे गाव लागतं, बर्गंडीच्या वाईनचं माहेरघर. माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीची मावशी बोनच्या दक्षिणेला सहा हेक्टरांत द्राक्षं लावते आणि घराखालच्या तळघरात स्वतःच वाईन करते. दर सप्टेंबरला मी तिथे तोडणीला जाते, म्हणून माझीही ती मावशीच झाली आहे. नाना माळकरी. थेंबही घेणार नाहीत हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, “शेतकरी आहेत ना? मग पिण्याची काय गरज?”

बागेत गेल्यावर नाना आधी गप्पच झाले. मांडव नाही, वेलींना इंग्रजी वायच्या आकाराचे आधार नाहीत. वेल जेमतेम कमरेएवढे, मीटर-मीटरवर लावलेले, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास. ठिबकच्या नळ्या कुठेच नाहीत. छाटणी वर्षाला एकच, हिवाळ्यात. घड मुठीत मावेल एवढा आणि मणी इतके दाटीने बसलेले की विरळणी हा शब्दच इथे कुणाला ठाऊक नसावा असं वाटावं. नानांनी रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मागून घेतला. २२ ब्रिक्स, म्हणजे साधारण २२ टक्के साखर. आमच्याकडे निर्यातीची थॉमसन १८ ला उतरवतात.

“एकरी किती निघतं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. गावाच्या नावाची लाल वाईन करायची असेल तर हेक्टरी साधारण ४० हेक्टोलिटरच्या, म्हणजे चार हजार लिटर वाईनच्या पुढे जाता येत नाही, कायदाच तसा आहे. म्हणजे एकरी जेमतेम दोन टन द्राक्षं. नाना चांगल्या वर्षी दहा टन काढतात. मग मावशीने सांगितलं की १३९५ मध्ये इथल्या ड्यूक फिलिपने गामे नावाचं भरघोस पिकणारं वाण उपटून टाकायचा हुकूम काढला होता, बर्गंडीचं नाव खराब होतं म्हणून. नाना त्या बांधावर उभे राहून कितीतरी वेळ त्याच गोष्टीचा विचार करत होते.

पण अनोळखीपणा तिथेच संपला. पानांवर निळसर डाग दिसले आणि नाना म्हणाले, “बोर्डो मारलंय.” मोरचूद आणि चुना. आमच्या घरी पिंपात काठीने ढवळलेलं बोर्डो मिश्रण मी लहानपणापासून बघत आले, पण बोर्डो हे फ्रान्समधल्या गावाचं नाव आहे हे नानांना माहीत नव्हतं. तिकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींना चोरांच्या भीतीने मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचे, आणि नेमक्या त्याच वेलींवर डाउनी हा पानांचा रोग येत नाही हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. खुंटाचंही तेच, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्याचं. फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाल्ल्यावर फ्रान्सने अमेरिकन खुंटावर कलमं बांधली, आणि आमची थॉमसनही डॉगरिजवर, म्हणजे अमेरिकन खुंटावरच उभी आहे. एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर दहिवर गोठलं तर इथे रात्रभर ओळीओळीतून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. निफाडला पारा खाली गेला की आम्ही शेकोट्या पेटवतो. मावशीने फोनवर २०२१ च्या त्या रात्रींचे फोटो दाखवले, आणि नाना एकेक फोटो मोठा करून बघत राहिले.

तळघर थंडगार होतं, भिंतींवर काळी बुरशी. तिथे ओकच्या पिंपांच्या रांगा, एकेक पिंप २२८ लिटरचं, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्यांचं. पिनो न्वारच्या आतला रस पांढराच असतो. रंग सालीत. लाल वाईन करताना द्राक्षं साल आणि बियांसकट आंबवतात, वर आलेला सालींचा थर रोज खाली दाबतात, म्हणून रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. पांढऱ्या वाईनला शार्दोने ही पांढरी द्राक्षं आधी दाबून रस काढून घेतात आणि नुसता रस आंबवतात. सगळा फरक या एका पायरीचा.

मावशी पाहुण्यांना आधी लाल देते, मग पांढरी. बर्गंडीतल्या तळघरांत हा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो. इथली लाल नाजूक असते आणि पांढरी पिंपात मुरून चांगली भारदस्त झालेली, त्यामुळे उलट्या क्रमाने गेलं तर लालची चवच लागत नाही. मी पेला घेतला, नाना वास घेत होते. बोनजवळच्या साविन्यी गावच्या लालला त्यांनी “ओल्या मातीत पडलेली जांभळं” म्हटलं. शेजारच्या पोमार गावच्या लालचा पेला नाकाशी नेला आणि म्हणाले, “हे तुरट असणार.” होतंच. पोमारच्या मातीत चिकण जास्त, आणि तिथली पिनो अंगाने राकट.

पिण्याची गरज काय, असं मावशी म्हणाली होती ते मला तेव्हा पटलं.

दुपारी शेडमध्ये लांब टेबलावर सगळ्यांचं जेवण होतं. तोडणीला आलेल्यांसाठी बफ बुर्गिन्याँ, म्हणजे लाल वाईनमध्ये तीन-चार तास मंद आचेवर शिजवलेलं गोमांस, सोबत छोटे कांदे, गाजर, मशरूम. मी ते खात नाही. मावशी माझ्यासाठी तशाच रश्शात मशरूम आणि गाजराचं वेगळं पातेलं चढवते, आणि एक दिवस मर्येत करते, म्हणजे लाल वाईनच्या दाट रश्शात फोडून शिजवलेली अंडी. नानांसाठी पाव, लोणी, कोंते चीज, बागेतले टोमॅटो आणि त्याच सकाळी शार्दोने दाबून काढलेला ताजा रस. आंबायच्या आधीचा, गढूळ, गोड. नानांनी तीन पेले घेतले.

मी नानांना विचारलं, लोक रश्शासोबत लालच का घेताहेत सांगा. त्यांनी समोरच्या माणसाकडे बघितलं. घास, मग घोट, मग पुन्हा घास. “तोंड धुऊन निघत असणार तुरटाने,” ते म्हणाले. “आपण जेवण झाल्यावर सुपारी घेतो, हे जेवता जेवताच घेतात.”

मला सात वर्षांत हे कुणी इतक्या नेमकेपणाने सांगितलं नव्हतं. साल, बी आणि देठातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जांभूळ खाल्ल्यावर पडतं तसं तोंड कोरडं पडतं. पण तोंडात मांसाची किंवा चीजची प्रथिनं आणि चरबी आधीच असली, तर टॅनिन त्यांना धरतं. वाईन मऊ लागते, घास हलका लागतो. इंग्रजीत याला बोजड शब्द आहेत. आपल्याकडे षड्रसांत तुरट हा वेगळा रस मोजलेला आहे, तेव्हा आपल्याला हे समजायला अवघड जायचं काही कारणच नाही.

पांढऱ्या वाईनचं काम दुसरं आहे. ते आंबटाचं काम. आलिगोते हे बर्गंडीचं साधं, स्वस्त वाण, लिंबासारखं झणझणीत. मला ते फार आवडतं आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी भांडते. इथे ते लसूण-पार्सलीच्या लोण्यात भाजलेल्या गोगलगायींसोबत घेतात, जेलीत बसवलेल्या पार्सलीच्या हॅमसोबत घेतात, आणि गूजेरसोबत तर हमखास. गूजेर म्हणजे चीज घातलेले पोकळ, खुसखुशीत गोळे, भट्टीतून काढल्या काढल्या खायचे, बोटं भाजली तरी. तुपकट, खारट पदार्थाशेजारी आलिगोते नेमकं ते करतं जे तळलेल्या सुरमईवर पिळलेली लिंबाची फोड करते, किंवा कोकणातल्या ताटातली सोलकढी करते. दिजोंचे महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांना आलिगोतेत काळ्या करंटचं गोड मद्य घालून द्यायचे. त्या पेयाला आता जगभर ‘कीर’च म्हणतात.

मर्सो गावची शार्दोने वेगळी. तळघरात तिला दुसऱ्यांदा आंबवण लागतं, यावेळी जिवाणूंचं. सफरचंदातलं बोचरं आम्ल दह्यातल्या मऊ आम्लात बदलतं आणि वाईनला लोण्याचा वास येतो. नानांना मी सांगितलं, विरजणच समजा. सायीतल्या मशरूमच्या रश्शासोबत, क्रीम घातलेल्या कोंबडीसोबत, जुन्या कोंते चीजसोबत मर्सो घ्यावी. स्निग्धाला स्निग्ध, पण खाली आंबटाची धार.

चीजच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. एपवास नावाचं इथलं चीज द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या दारूने धुऊन पिकवतात. वास असा की डबा उघडला की खोली भरते. पुष्कळ लोक त्याच्यासोबत महागडी लाल उघडतात. मला ती प्रत्येक वेळी कडवट लागली आहे. पांढरी घ्यावी.

आता घरचं. पहिल्या वर्षी मी मावशीला भरल्या वांग्यांवर बोलावलं होतं, गोडा मसाला, दाण्याचं कूट, आणि आपल्या हाताने घालतो तेवढं तिखट. ती पोमार घेऊन आली. तिसऱ्या घासाला तिचे डोळे भरले. मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते, आणि तुरटपणा त्यात आणखी खरखर आणतो. फ्रिजमधली आलिगोते काढली तेव्हा ताट पुढे सरकलं. तेव्हापासून मी करून करून ठरवलेलं असं: अळूवडीला आलिगोते, चिंचगुळाशी तिचं छान जुळतं. कमी तिखटाच्या मशरूम-मटाराच्या रश्शाला साविन्यीची लाल. भरल्या वांग्यांना तिखट निम्मं करून तीच लाल, थोडी गार. झणझणीत तांबड्या रश्शाला वाईन नकोच, त्याच्यासोबत पांढरा रस्सा आहे. आणि पुरणपोळीला यातली एकही नाही. गोडाशेजारी कोरडी वाईन नुसती आंबट लागते, पुरणाचा आणि वाईनचा दोघांचा अपमान होतो.

तुमच्यापैकी जे घेत असतील त्यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट. लाल वाईन घरातल्या तापमानाला प्यावी असं म्हणतात ते दगडी घरांतल्या १६ अंशांचं. नागपूरच्या मे महिन्याचं नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी १० ते १२ अंशांवर, त्याहून गार केली की वास झोपतो. आणि बर्गंडीची बाटली आपल्याकडे फार महाग पडते, तेव्हा तिच्यासाठी अडून बसू नका. नाशिकची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां तळलेल्या माशासोबत ठेवून बघा. आंबटाचं काम ती चोख करते.

नाना परत गेले ते ऑक्टोबर छाटणीच्या आधी. जाताना मावशीने त्यांना पिनोच्या धुऊन वाळवलेल्या बियांची पुरचुंडी दिली, लावायला नव्हे, नुसती चावून बघायला. नोव्हेंबरात बोनच्या जुन्या इस्पितळाच्या वाईनचा लिलाव होता, १८५९ पासून चालत आलेला, दरवर्षी तिसऱ्या रविवारी. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतच नानांचा फोन आला. छाटणी होऊन पोंगे फुटले होते, पाऊस नव्हता, भुरीचा रोग नव्हता. मग त्यांनी विचारलं, “मावशीबाईंच्या पांढऱ्याला विरजण लागलं का?”

मी लिलाव सोडून तिच्याकडे गेले. आम्ही दोघी तळघरात उतरलो. तिने शार्दोनेच्या एका पिंपाचं वरचं बूच काढलं, कान लावला, मग मला बोलावलं. आतून अगदी बारीक चुरचुर ऐकू येत होती, ताकाच्या फेसासारखी. मी फोन त्या भोकाशी धरला.

“लागलंय,” नाना तिकडून म्हणाले.