ब्रेक दाबला की झेन बंद

परवा आमच्या शाळेतले एक रिटायर्ड सर त्यांची 1997 ची मारुती झेन घेऊन गॅरेजवर आले. 993 सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग), आता अशा गाड्या साताऱ्यात बोटावर मोजण्याएवढ्या राहिल्यात. तक्रार एकच, पोवई नाक्याच्या गर्दीत थांबलं की बंद पडते. "दोन ठिकाणी दाखवली रे, दोघांनीही कार्बोरेटर खोलून साफ केला, एकाने किट पण टाकलं."

मी गाडी चालू केली तर चांगली चालतेय! आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, मात्र जास्त वाटला म्हणून टॅकोमीटर लावला तर मिनिटाला 1200 फेऱ्यांच्या वर. प्लग काढले तर चारही काळे. म्हणजे मिक्श्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, असं कुणीही म्हणेल, मीही म्हटलं. पण मिक्श्चर स्क्रू बघितला तर नको तेवढा बाहेर फिरवलेला, म्हणजे आधीच्याने गाडी बंद पडू नये म्हणून पेट्रोल पण वाढवलं आणि आयडल पण. दुखणं तसंच आणि वरून मलमपट्टी. दोन्ही परत जागेवर आणलं आणि सरांना म्हटलं, एक चक्कर मारून या. दहा मिनिटांत फोन, बंद पडली.

जाऊन बघितलं, चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढला की टिकतेय. म्हणजे मिक्श्चर लीन, पेट्रोल कमी पडतंय, कुठूनतरी जादा हवा ओढतेय. मग काय, गॅरेजला आणून कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे घेऊन मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या वाटेचं) गॅस्केट, कार्बोरेटरचा बेस, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या सगळीकडे मारत बसलो. लीक असेल तिथून स्प्रे आत ओढला गेला की इंजिनचा आवाज बदलतो. तासभर काहीच बदललं नाही. शेवटी मी पण सगळ्यांसारखं E20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, ढकललं. पेट्रोलला साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) E20 घातलं की मिक्श्चर थोडं लीन होतं हे खरंच आहे. पण मग गाडी सगळीकडेच अडखळायला पाहिजे ना, फक्त नाक्यावर कशी?

सर स्टुलावर चहा पीत बसले होते, म्हणाले, "अरे, मी आल्या आल्याच सांगितलं ना, थांबलं की बंद पडते. थांबताना माझा पाय ब्रेकवर असतो."

कपाळावर हात मारला मी. गॅरेजमध्ये ब्रेक कोण दाबतंय! आत बसून पेडल दाबलं, पायाजवळून स्स्स आवाज आणि इंजिन कापायला लागलं. ब्रेक बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा, आतला पडदा फाटलेला. पाय काढलेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूमच असतो, बाहेरची हवा येतच नाही, म्हणून स्प्रेने काय डोंबल सापडणार. पेडल दाबलं की एका बाजूला हवा येते आणि फाटक्या पडद्यातून थेट मॅनिफोल्डमध्ये.

खात्री म्हणून बूस्टरची नळी काढून इंजिनकडच्या तोंडात बोल्ट बसवला. आता ब्रेक दाबला तरी इंजिन ढिम्म. मग नळी परत लावली, इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारलं आणि दाबून धरून स्टार्ट केलं. चांगल्या बूस्टरला पेडल थोडं खाली जायला हवं, हे दगडासारखं.

"सर, ब्रेक एवढा कडक लागत होता, कळलं नाही?"

"मला वाटलं वय झालं, पायात ताकद राहिली नाही."

पुण्याहून बूस्टर यायला चार दिवस लागले. तोवर गाडी दिली नाही, सर रोज रिक्षाने येऊन चौकशी करून जायचे. बसवल्यावर आयडल 900 ला लावलं आणि सर घेऊन निघाले. कोपऱ्यावर त्यांनी सवयीने सगळा जोर लावून ब्रेक मारला, मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढं आणि टोमॅटो सगळे खाली. काच खाली करून तिथूनच ओरडले, "अरे, हा जास्त लागतोय!"