एजन्सीची शीट आणि आमचे पाच शब्द

आमच्या कंपनीचं काम वॉटरप्रूफिंगचं. टेरेस, बाथरूम, तळघर, पाण्याच्या टाक्या. वेबसाइटवर नेमाने लेख टाकून गिऱ्हाईक आणायचं ठरलं आणि त्याआधी 'कोअर कीवर्ड' नक्की करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोअर कीवर्ड म्हणजे वर्षभराचं लिखाण ज्यांच्याभोवती फिरणार ते मोजके शब्द. शब्द गोळा करायला काही त्रास झाला नाही. गाळताना मात्र घाम फुटला, आणि त्याला कारण एक एक्सेल शीट. तिचा राग अजून पुरता गेलेला नाही.

शीट एका एजन्सीने पाठवली होती. शेकडो ओळी आणि तीन कॉलम: कीवर्ड, महिन्याचा सर्च व्हॉल्यूम (तो शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो), कॉम्पिटिशन. तिसऱ्या कॉलममध्ये हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरलेले. मीटिंगमध्ये ती पडद्यावर लागली आणि सगळ्यांच्या नजरा हिरव्यावर खिळल्या. मालक म्हणाले, "व्हॉल्यूम भरपूर, कॉम्पिटिशन लो. मग अडलंय कुठे? करा सुरू." एजन्सीचा मुलगा मान डोलवत होता.

मी त्यातला एक हिरवा शब्द तिथेच फोनवर टाकून पाहिला. पहिलं पान गच्च भरलेलं: रसायनं बनवणाऱ्या बड्या कंपन्या, व्हिडिओ, व्याख्या सांगणारे लांबलचक लेख. आमच्यासारखी प्रत्यक्ष काम करणारी कंपनी औषधालाही नाही. कॉम्पिटिशन लो, तर मग ही गर्दी कसली?

एजन्सीला विचारलं. "मॅडम, टूलच तसं दाखवतंय." टूल म्हणजे गूगलचा कीवर्ड प्लॅनर. त्याची मदतीची पानं वाचायला बसले तेव्हा उलगडा झाला. प्लॅनर आहे जाहिरातदारांसाठी. त्यातली कॉम्पिटिशन म्हणजे त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण बोली लावतायत त्याचा अंदाज. जाहिरात न देता, निव्वळ लेखाच्या जोरावर वर येणं सोपं की अवघड, हे त्यातून कळतच नाही. म्हणजे ज्या कॉलमवर आमची मीटिंग चालली होती, तो आमच्या कामाचाच नव्हता.

मग व्हॉल्यूमकडे वळले. ज्या खात्यातून जाहिरातीवर फारसा खर्च होत नाही त्याला प्लॅनर नेमका आकडा देत नाही, '१०० ते १ हजार', '१ हजार ते १० हजार' असे पट्टे देतो. एजन्सीने प्रत्येक पट्ट्याचं वरचं टोक उचलून तोच आकडा म्हणून छापला होता. शंभर आणि हजार यांत दहापटीचा फरक, पण शीटमध्ये सरसकट हजार! शिवाय 'टेरेस वॉटरप्रूफिंग', 'टेरेस वॉटर प्रूफिंग', 'वॉटरप्रूफिंग टेरेस' अशा ओळीमागून ओळी, सगळ्यांसमोर तोच आकडा. प्लॅनर जवळचे शब्दप्रकार एकत्र मोजतो, म्हणून त्या सगळ्यांना एकच व्हॉल्यूम दिसतो. एजन्सीने खाली त्यांची बेरीज मारली होती. तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजून आलेला तो आकडा पाहून मालकांनी पुढच्या वर्षाचं टार्गेटही मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

हे सगळं मेलवर मुद्देसूद लिहून कळवलं. उत्तर: "टीमशी बोलून अपडेट देतो." आठवण केली की पुन्हा तेच. इकडे लेखांचं काम ठप्प, कारण शब्द ठरल्याशिवाय लिहायचं कशावर? शेवटी एकदाची नवी शीट आली. ती पहिलीपेक्षा लांब होती. त्यात 'वॉटरप्रूफ बूट' आणि 'वॉटरप्रूफ घड्याळ' यांचीही भर पडली होती, आणि दोन्ही हिरव्या.

त्या दिवशी शीट बंद केली आणि सेल्सकडे जाऊन बसले. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकश्या एकेक करून वाचल्या. "वरच्या मजल्याचं बाथरूम गळतंय." "भिंतीला ओल आलीय, रंगाचे पोपडे निघतायत." "तळघरात पाणी साचतं." "आत्ताच रंग दिला आणि पुन्हा डाग." आमच्या माहितीपत्रकात पानोपानी असलेलं 'सोल्युशन' त्यांत एकदाही नव्हतं. 'वॉटरप्रूफिंग' लिहिणारे होते ते बहुतेक टेरेसवाले, ज्यांना काम करून घ्यायचं आधीच ठरलेलं असतं. बाकीचे फक्त दुखणं सांगतात.

कीवर्ड निवडणाऱ्याने टूल उघडायच्या आधी हे वाचावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. सेल्सवाले "त्यात काय बघायचंय" म्हणून टाळतात, पण चिकाटी सोडू नका.

पुढचं भराभर झालं. प्रत्येक शब्द गूगलवर टाकायचा (इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या सर्चची सावली कमी पडते, ठिकाणाचा परिणाम राहतोच) आणि पहिल्या पानावर कोण आहे ते पाहायचं. नुसत्या 'वॉटरप्रूफिंग'ला बड्या कंपन्या आणि व्याख्या. सर्चच्या चौकटीत तो शब्द टाइप करताच खाली सूचना येतात त्यांत कोर्स शोधणारे, केमिकल विकत घेणारे, नोकरी पाहणारे, सगळ्यांची खिचडी. 'भिंतीला ओल' टाकलं तर लेख आणि व्हिडिओ, तेही वरवरचे. तिथे आम्हाला जागा होती.

संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रॉडर यांनी २००२ मध्ये सर्चमागच्या हेतूंचे तीन प्रकार मांडले होते: विशिष्ट साइटवर पोहोचायचंय, माहिती हवीय, की काही करायचं-घ्यायचंय. मी शीटमधल्या प्रत्येक ओळीसमोर यातला एक लिहून काढला. पहिल्या प्रकारातले शब्द, म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांची नावं, तिथल्या तिथे उडाले. उरलेल्यांत एकच प्रश्न विचारला: हे शोधणारा माणूस उद्या आम्हाला फोन करेल का? बूट आणि घड्याळ गेले. कोर्स गेले. शीट पार सुकली आणि मला फार बरं वाटलं.

हो, गूगल ट्रेंड्सबद्दल राहिलंच. एखादा शब्द शोधण्याचं प्रमाण काळानुसार कसं चढतं-उतरतं, त्याचा आलेख हे टूल दाखवतं. त्यातला १०० म्हणजे शंभर सर्च नव्हेत. निवडलेल्या काळातलं आणि भागातलं सर्वांत वरचं टोक म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. त्यामुळे एका शब्दाचा आलेख एकटा पाहून तो किती शोधला जातो ते कळत नाही. दोन शब्द शेजारी ठेवा, आणि पाच वर्षांचा काळ घ्या म्हणजे कोणत्या महिन्यांत मागणी चढते ते दिसतं. गळतीचे लेख त्या चढाच्या बरेच आधी साइटवर असायला हवेत. भिंत ओली झाल्यावर आपण लिहायला बसलो तर गूगलला ते पान सापडून वर यायला वेळ कुठून मिळणार?

शेवटची मीटिंग 'वॉटरप्रूफिंग' या एकट्या शब्दावर तुंबली. मालकांना तो सोडवेना. "आपला धंदाच तो आहे," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मी त्यांना त्यांच्याच फोनवर पहिलं पान दाखवलं आणि विचारलं, "साहेब, यातल्या कोणाला मागे टाकायचं?" ते बराच वेळ स्क्रोल करत राहिले. मग तो शब्द होमपेजच्या शीर्षकात ठेवायचा आणि लेख मात्र इतर शब्दांवर, असं ठरलं. उरलेले शब्द पानाच्या कीवर्ड टॅगमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या, कोडमधल्या शब्दयादीत) लपवून टाकू, हा त्यांचा आणखी एक आग्रह होता. क्रमवारीसाठी हा टॅग पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तेवढं सांगितल्यावर तोही विषय मिटला.

ठरलेले पाच: टेरेस वॉटरप्रूफिंग, बाथरूमची गळती, भिंतीला ओल, तळघरातलं पाणी, टाकीची गळती. पाचच का, तर आमच्यात लिहिणारी मी एकटी आणि तपासणारे साइटवरचे एक इंजिनिअर. हात जास्त असतील तर शब्दही जास्त घ्या. शब्दात दम आहे की नाही हे ओळखायची माझी खूण अशी: इंजिनिअरना तो शब्द सांगायचा आणि ते किती वेळ बोलतात ते पाहायचं. 'भिंतीला ओल' म्हटल्यावर ते सुटलेच. भिंतीतला गळका पाइप, बाहेरच्या प्लास्टरची भेग, जमिनीतून वर चढणारी ओल, पलीकडचं बाथरूम, आणि गळती मुळीच नसताना थंड भिंतीवर हवेतलं बाष्प धरून दिसणारी ओल. प्रत्येकाची ओळख वेगळी, उपाय वेगळा. तिथेच पाच लेख तयार.

साइट जुनी असेल तर सर्च कन्सोलमधला (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते साइटवाल्याला दाखवणारं गूगलचंच टूल) परफॉर्मन्स रिपोर्ट जरूर उघडा. फुकट आहे आणि त्यात १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. लोक काय टाइप केल्यावर आपण दिसलो, ते खऱ्या शब्दांत तिथे असतं. इम्प्रेशन्स (निकालांत आपण किती वेळा दिसलो) भरपूर आणि सरासरी स्थान दहाच्या पुढे, अशा ओळी आधी पाहा. ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळली नाही तर गडबडू नका, फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी त्यात दाखवत नाहीत.

आणि एका कोअर शब्दाला एकच मुख्य पान ठेवा. आमच्याकडे भिंतीच्या ओलीवर दोन जुनी पानं निघाली, कधी हे दिसायचं, कधी ते. दोन्हींतला मजकूर एकत्र केला आणि जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुनी लिंक उघडणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावायला एजन्सीला सांगितलं. "झालं मॅडम" असा निरोप आला की जुनी लिंक स्वतः उघडून बघा. आमची उघडली, तर जुनंच पान समोर.