सासऱ्यांचं मूळ गाव शोधताना: रॉसकॉमन, आयर्लंड

आपल्याकडे कोणी नवीन भेटलं की तिसऱ्या वाक्याला 'मूळ गाव कुठलं' येतंच. माझे सासरे बॉस्टनचे, आयरिश वंशाचे. लग्नाच्या वेळी मी त्यांना विचारलं तर म्हणाले रॉसकॉमन. म्हटलं अहो तो जिल्हा झाला, गाव? ते काही त्यांना सांगता येईना. तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं ते या मे महिन्यात आम्ही तिघं डब्लिनला उतरेपर्यंत.

आयर्लंडमध्ये नुसता जिल्हा माहीत असून काही उपयोग नाही, टाउनलँड लागतो. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा, असे साठ हजारांच्या वर आहेत आणि एकाच नावाचे दहा-दहा. त्यात जुनी जनगणना गायब. १८२१ ते १८५१ ची बहुतेक दप्तरं १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये जळाली, १८६१ आणि ७१ ची सरकारनेच नष्ट केली, ८१ आणि ९१ ची पहिल्या महायुद्धात रद्दीत गेली. अख्खी हाती लागते ती थेट १९०१ ची, आणि तोवर सासऱ्यांच्या घरचे लोक बॉस्टनला कधीच स्थायिक झालेले.

मग उरतात चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं. नॅशनल लायब्ररीने २०१५ ला ती फुकट ऑनलाइन टाकलीत. नावं लॅटिनमध्ये, जेम्सचा जेकोबस करून ठेवलाय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन रात्री जागून नवऱ्याला १८५३ ची एक ओळ सापडली, पोराचं नाव, बापाचं, आईचं माहेरच्या आडनावासकट आणि कडेला बारीक अक्षरात टाउनलँड! सगळे पाद्री ते लिहायचेच असं नाही, आमचं नशीब. मग ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन उघडलं. ते म्हणजे त्यांचा सातबाराच समजा, फक्त मालकी जमीनदाराची आणि कसणारा कूळ. आमच्या माणसाच्या नावापुढे घर, पाच एकरांच्या आतली जमीन, आणि नकाशावरचा नंबर.

त्या टाउनलँडला जायच्या आदल्या दिवशी रॉसकॉमनमधल्याच स्ट्रोक्सटाउनला गेलो, तिथे दुष्काळाचं म्युझियम आहे. १८४५ ला बटाट्यावर करपा येऊन दुष्काळ पडला आणि १८४७ मध्ये तिथल्या इस्टेटीच्या मालकाने, मेजर डेनिस महॉनने, १,४९० कुळांना डब्लिनपर्यंत चालत पाठवून तिथून कॅनडाला रवाना केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला गोळी घातली. त्यांच्या वाटेवर आता १६५ किलोमीटरचा ट्रेल आहे, मध्ये मध्ये लहान मुलांचे ब्राँझचे बूट बसवलेत. सासऱ्यांना मनातून फार वाटत होतं की आपले लोक त्या १,४९० मधलेच असणार. पण १८५३ ला पोराचा बाप्तिस्मा इथेच झालाय, म्हणजे नाहीत! ते जरा हिरमुसले. मला मात्र हेच जास्त भारी वाटलं, म्हणजे हे लोक पाच एकरांत तो सगळा काळ काढून टिकले आणि मगच निघाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आणि चिखल, गाडी एकदा खड्ड्यात. नंबरच्या जागी घराचा एक दगडही नाही, नुसतं कुरण आणि मेंढ्या. पण ढग सरून तिरपं ऊन पडलं आणि गवताखाली ओळीने वरंबे दिसायला लागले, हात-दीड हात रुंद, बटाट्याचे. कुदळीने ओढलेले, त्यावर पुन्हा कधी नांगर फिरला नाही म्हणून राहिलेत. सासरे एका सरीत उभे राहिले, बूट घोट्यापर्यंत आत.

तेवढ्यात शेतमालक ट्रॅक्टरवरून आला, सत्तरीचा असेल. आडनाव सांगितलं तर म्हणाला, या नावाचं आता इकडे कोणी नाही, पण या तुकड्याला आम्ही अजून त्याच नावाने हाक मारतो. आणि सासऱ्यांचं आडनाव घेऊन पुढे 'गार्डन' लावलं. उच्चार वेगळाच, आम्ही घरात करतो तसा नाही. सासऱ्यांनी त्याच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मी फोनवर रेकॉर्ड करत होते, रात्री हॉटेलवर लावलं तर नुसता वारा आणि ट्रॅक्टर.